न बदलणाऱ्या आकड्याचा उन्हाळा

एप्रिल लागला की माझ्या कटिंगच्या टेबलावर पांढऱ्याशिवाय दुसरा रंग दिसत नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या वस्तीतल्या बायका पांढरी साडी नेसतात, आणि ब्लाउज शिवायचं राहिलंय हे प्रत्येकीला शेवटच्या आठवड्यात आठवतं. मार्चभर मी सांगत असते, कापड आणून टाका गं बायांनो. ऐकेल ती बाई कसली. मग दारात चपलांचा ढीग, मशीन इतकं तापलेलं की हात लावला तर चटका बसावा, आणि नांदेडचं ऊन असं की लाइट गेली तर घामानं सुईत दोरा ओवता येत नाही.

परवा अशाच गर्दीत एक ओळखीची बाई आली. "ताई, माझे दोन जास्तीचे शिवून ठेवा. जूनपासून लातूरला चालले मी. वर्षभर. पोराचं मेडिकलचं रिपीट हाय." खोली बघून झाली होती, शेगडी इथून न्यायची का तिथे नवी घ्यायची एवढंच ठरायचं होतं. "तुम्ही बी राहिल्या होत्या ना तिथं? कसं असतंय?" माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं. लगेच उत्तर द्यावं लागलं नाही.

कसं असतं ते राहिल्याशिवाय कळत नाही. लातुरात क्लासेसच्या मागच्या गल्ल्यांमध्ये घराघरांवर खोल्या चढवलेल्या आहेत आणि खोलीखोलीत एक आई नि एक लेकरू. कुणी जळकोटची, कुणी शिरूर अनंतपाळची, कुणी माझ्यासारखी नांदेडहून आलेली. नवरे मागे, आपापल्या शेतात नाहीतर ऑफिसात. सकाळी सगळ्या खोल्यांतले कुकर एकामागून एक शिट्ट्या देतात, कारण सगळ्यांच्या बॅचची वेळ एकच. गच्चीवर कपडे वाळत घालताना दोन आया भेटल्या तर नाव-गाव नंतर, पहिला प्रश्न, "कितवा अटेम्प्ट?" मला सुरुवातीला याचा फार राग यायचा. दिवाळीपर्यंत मीही तेच विचारायला लागले.

माझ्या लेकीचा, मैत्रीचा, दुसरा होता. एकुलती एक पोर ती. पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं, आणि थोडक्यात हुकलेल्याला कुणी शांत बसू देत नाही. पार नापास झालेल्याला लोक निदान सोडून तरी देतात. मी दुकानाचं शटर ओढलं, गिऱ्हाइकं शेजारच्या गल्लीतल्या टेलरच्या हवाली केली आणि एक हातमशीन घेऊन लातूरला गेले. तिचे पप्पा पाटबंधारे खात्यात कारकून. ते दर रविवारी पहिल्या एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत यायचे. क्लासच्या टेस्टचे मार्क दर आठवड्याला त्यांच्या मोबाइलवर येत. मार्क वाढलेले असले की चाकूर सोडल्यावर त्यांचा फोन यायचा, "काय आणू?" कमी असले की फोन न करता यायचे, आणि केळी जास्त आणायचे.

त्या एप्रिलात खोलीत केळीच केळी झाली होती.

मार्कांचं मला तितकं वाटत नव्हतं, असं म्हटलं तर खोटं होईल. वाटत होतंच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मैत्री भांडायची थांबली होती. ही पोर लहानपणापासून भाजीत मीठ कमी का इथपासून सूर्य रोज तिकडूनच का उगवतो इथपर्यंत सगळ्यावर वाद घालणारी. आता पुढ्यात काहीही वाढलं तरी अर्धी भाकरी खाऊन ताट सारायची. कंगव्यात केसांचा पुंजका यायचा. पाण्याचा टँकर गल्लीत आला की सगळी पोरं खिडकीतून डोकावून बघायची, तेवढाच विरंगुळा, हिची मान वर व्हायची नाही. डॉक्टर होईल की नाही हा घरादाराचा प्रश्न होता. मला मात्र रात्रंदिवस एकच धास्ती, ही पोर या खोलीतून धड बाहेर पडेल ना? हे कुणाजवळ बोलायचीही सोय नव्हती, कारण गल्लीतल्या प्रत्येक आईच्या पोटात तीच धास्ती होती आणि प्रत्येकजणी कुकरबद्दल बोलत होती.

घरमालकीण महानंदाकाकू खालच्या मजल्यावर राहायच्या. लिंगायत घर, नवऱ्याचं किराणा दुकान, माहेर बिदरकडचं. जिन्यात भेटल्या की मला "शरणार्थी" म्हणायच्या, तो त्यांचा नमस्कार, आणि मैत्रीला विचारायच्या, "ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस का. मैत्री मान हलवायची. ती हो म्हणाली का नाही हे काकूंना कधी कळलं नाही.

एकदा काकूंनी ब्लाउजचं कापड आणून दिलं. अंगाचं माप घेते म्हटलं तर म्हणाल्या, "माप कशाला? लग्न झाल्यापासून एकच टेलर हाय माझा, मला आकडे तोंडपाठ हायत." आणि त्यांनी छाती, कंबर, बाही सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. मी माझ्या टेपनं कापलं, शिवलं, इस्त्री करून दिलं. दुसऱ्या दिवशी काकू तेच घालून वर आल्या, बगलेपाशी मूठभर कापड चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "मैत्रीच्या आई, हे माझं झंपर हाय का माझ्या सासूचं?"

मला विश्वासच बसेना. शिवणकामात माझं नाव आहे, कुणाचं फिटिंग बिघडल्याचं मला आठवत नाही. मैत्री पुस्तकाआडून बघत होती. ती उठली, स्वतःची स्टीलची पट्टी काढली, माझी टेप फरशीवर पसरली आणि पट्टी सरकवत सरकवत शेवटपर्यंत गेली. "मम्मी, तुझी टेप लांबलीय." वर्षानुवर्षं ओढून ओढून ती ताणली गेली होती. प्रत्येक इंच जरा जरा मोठा झाला होता.

"मग नांदेडात एवढ्या बायकांचे शिवले, ते कसे बसले?"

"कारण त्यांचं अंग बी तू ह्याच टेपनं मोजलं आन् कापड बी ह्याच टेपनं. दोन्हीकडं सारखीच चूक. कुणाला कळणारच न्हाई. काकूंचे आकडे दुसऱ्या टेपचे, म्हणून उघडं पडलं." एवढं बोलून ती तिथेच फरशीवर बसली आणि हसायला लागली. काकू आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग त्याही हसल्या. मी ब्लाउज हातात घेऊन उभी. माझी फजिती झाली होती आणि मला रडू येत होतं, कारण ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या कुरडया गच्चीवर वाळत घातल्या होत्या. कावळे हाकायचं काम आमच्याकडे. जिन्याच्या छपराखाली वीतभर सावली होती, तिथे आम्ही दोघी गुडघे जवळ घेऊन बसलो. गव्हाच्या चिकाचा आंबूस वास, खाली कुणाच्या तरी कूलरची घरघर. मैत्री आपणहून बोलायला लागली. तिनं क्लासमध्ये सरांना एक प्रश्न विचारला होता. प्रश्नपत्रिकेच्या वर काही आकडे छापून देतात, उजेडाचा वेग, इलेक्ट्रॉनवरचा प्रभार, असे. त्यांना स्थिरांक म्हणतात. हिनं विचारलं, हे आकडे नेहमीच एवढेच होते का? विश्व सुरू झालं तेव्हाही एवढेच होते, हे कुणी बघितलंय का? सर म्हणाले, सिलॅबसमध्ये आहे का? वर्ग हसला. सर माणूस वाईट नव्हते. शंभर पोरांना घेऊन डोंगर चढायचा म्हटल्यावर एकीला वाटेत फूल दिसलं तर थांबणार कसं?

पण मला तेव्हा फूल-बिल काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "मग? बघितलंय का कुणी?"

"बघून राहिलेत मम्मी," ती म्हणाली, आणि जे सुटली ते कुरडया उलटायची वेळ झाली तरी थांबेना. माझ्या डोक्यात शिरलं तेवढं सांगते. एक आकडा आहे. एकाला साधारण एकशे सदतीसनं भागलं की येतो तो. त्याला ना इंच, ना किलो, ना सेकंद, नुसता आकडा. उजेड आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना किती घट्ट धरतात ते त्यावरून ठरतं. तो निराळा असता तर अणू असे जुळले नसते, ऊन असं नसतं, कुरडई नसती आणि कावळाही नसता. इंच-मीटरमधली मापं बदलली का असं विचारून उपयोग नाही, कारण मग टेपच लांबली का कापड आखडलं हे सांगता येत नाही. म्हणून असा बिनमापाचा आकडा धरायचा, आणि आजच्या त्याच्याशी फार जुना ताडून बघायचा.

"आन् जुना कुठून आणायचा?"

"उजेड जुनाच असतोय की." पृथ्वी झाली नव्हती तेव्हा कुठूनतरी निघालेला उजेड आज इथे पोचतो. वाटेत वायूच्या ढगातून येताना त्याच्यात काळ्या रेघा पडलेल्या असतात. त्या रेघांमधलं अंतर म्हणजे त्या काळच्या टेपनं घेतलेलं माप. आजच्या मापाशी जुळलं तर आकडा बदलला नाही. नाही जुळलं, तर सगळी पुस्तकं उसवायची. काही जणांना किंचित फरक दिसला होता. दुसऱ्यांनी पुन्हा बघितलं तर तो टिकला नाही. बदल असलाच तर लाखातल्या एखाद्या भागाएवढा, तेवढाही नसेल. आणि आफ्रिकेत एका खाणीत म्हणे दोनशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली आपोआप अणुभट्टी पेटली होती. तिच्या राखेवरूनसुद्धा हेच तपासून बघतात. ही भट्टी मला फार आवडली. कुणी न पेटवता पेटली, कुणी न विझवता विझली, आणि राख तेवढी हिशेब द्यायला राहिली.

मी म्हटलं, "पण विहारात भंतेजी सांगतात ना, जगात कायम असं कायी नसतंय. मग भंतेजी चुकले का तुझे शास्त्रज्ञ?"

ती म्हणाली, "भंतेजी हे बी सांगतात की कुणी सांगितलं म्हणून मानू नका, सोता तपासा. ते तपासूनच राहिलेत." मग बराच वेळ वाद. ती भांडत होती माझ्याशी. एक कावळा कुरडईचा तुकडा घेऊन गेला, आम्ही त्याला हाकललं नाही.

आणि मग मीच विचारलं, "हे सगळं परीक्षेत येतंय का?" तोंडातून निघून गेलं. आईच्या तोंडातून जायचं तेच जातं. ती म्हणाली, "न्हाई." मग एक कुरडई उलटत म्हणाली, "मम्मी, मला हेच शिकायचं हाय."

मला राग आला. आता उगीच समंजसपणाचा आव आणत नाही. जयंतीचा सीझन सोडून, गिऱ्हाइकं तोडून मी कावळे हाकत बसले होते ते कशासाठी? आणि तिच्या पप्पांना काय सांगायचं? त्यांच्या मनातला डॉक्टर काही मिरवण्यासाठी नव्हता. त्यांना कांता नावाची धाकटी बहीण होती. जळकोटकडच्या त्यांच्या गावात पावसाळ्यात ती तापानं फणफणली. थोरले भाऊ, दादा, चिखलातून तालुक्याला डॉक्टर आणायला धावत गेले आणि एकटेच परत आले. तोवर ती गेली होती. आमच्या लग्नात मला सासरच्या माणसांची ओळख करून देताना यांनी कांताचंही नाव घेतलं होतं. "घरात एक डॉक्टर पायजे" हे वाक्य आमच्या घरात तेव्हापासून आहे. ते बदलायचं असतं, हे कधी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मी मैत्रीला म्हटलं, "आधी परीक्षा दे. मग पप्पांना तू सांग. मी सांगणार न्हाई." ती बरं म्हणाली, आणि त्या संध्याकाळी दोन भाकरी जेवली.

परवाच्या बाईला मी टाचण्या काढून ठेवल्यावर एवढंच सांगितलं की डबा गरम द्या आणि गच्चीवर बसत जा पोराला घेऊन. तिनं विचारलं, "मग झाली का तुमची मुलगी डॉक्टर?" मी नाही म्हटलं. "अगं बाई," म्हणत तिनं माझ्या हातावर हात ठेवला, आणि जाताना पैसे देताना पुन्हा एकदा तसंच बघितलं. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. कुणाकुणाला आणि कुठून सांगायचं?

मैत्रीची परीक्षा मे महिन्यात, भर दुपारची. लांब बाह्या नकोत, मोठी बटणं नकोत, असे नियम. मी मऊ सुताचा, आखूड बाह्यांचा, बिनबटणाचा कुडता शिवला. नव्या टेपनं. केंद्राबाहेर आम्ही सगळ्या आया कडुलिंबाच्या झाडाखाली, ओले रुमाल डोक्यावर घेऊन. कुणी देवीचं नाव घेत होतं, कुणी जपमाळ ओढत होतं, मी मनात पंचशील म्हणत होते आणि मधेच विसरत होते. गेट उघडलं तेव्हा पोरं रडत, हसत, उत्तरं ताडत बाहेर आली. मैत्री सावकाश आली. म्हणाली, "भूक लागली."

आणि मग निकाल लागला. मैत्रीला मार्क पडले. हुकले नाहीत, चांगले पडले, सरकारी कॉलेजात नंबर लागेल इतके. तेव्हा मला निराळीच भीती वाटली. नापास झाली असती तर वाट आपोआप बदलली असती, कुणालाच काही बोलावं लागलं नसतं. आता तिला उभं राहून बोलायचं होतं. आम्ही तोवर नांदेडला परतलो होतो. हे ऑफिसात पेढे वाटून, उरलेला बॉक्स हातात घेऊन घरी आले, आणि मैत्रीनं त्यांना चप्पलही काढू दिली नाही.

"पप्पा, मला मेडिकलला न्हाई जायचं. मला फिजिक्स शिकायचं हाय."

"मार्क कमी पडून राहिले का?"

"न्हाई. पुरतेत."

"मग?"

तिनं सांगितलं. जुना उजेड, रेघा, आकडा. यांनी सगळं उभ्यानं ऐकलं. मग विचारलं, "मग बदलतेत का ते आकडे?"

"अजून तरी ठाम कुणाला सापडलं न्हाई."

"आन् न्हाईच बदलत असले तर? जलम जाईल तुझा."

"मग न्हाई बदलत, एवढं तरी नक्की कळंल. ते बी कुणीतरी बसून बघावं लागतंय पप्पा."

त्यांनी पेढ्यांचा बॉक्स फ्रिजवर ठेवला आणि हातपाय धुवायला गेले. तो बॉक्स तिथेच राहिला. कुणी उघडला नाही, कुणी शेजारी नेऊन दिला नाही. घरात बोलणं म्हणजे चहा घ्या, दूध आलं, लाइट गेली, एवढंच. बॉक्सला मुंग्या लागल्या तेव्हा मी तो बाहेर टाकला. मैत्री पुन्हा गप्प झाली होती आणि मी पुन्हा तिच्या ताटातली भाकरी मोजायला लागले होते. मला यांचा राग येत होता आणि यांचं वाईटही वाटत होतं. एका माणसाबद्दल दोन्ही एकदम वाटणं लग्नात काही नवीन नाही, पण त्या दिवसांत ते फारच होतं.

मग एका रविवारी सकाळी चहा झाल्यावर हे फोन घेऊन ओसरीत बसले. पास झाल्याचा फोन ज्यांना सगळ्यांच्या आधी केला होता, त्या दादांचा नंबर लावला. वाजायच्या आत कापला. पुन्हा लावला. स्पीकर लावून बोलायची यांची सवय, म्हणून स्वयंपाकघरातही सगळं ऐकू येत होतं. मैत्री दाराशी येऊन उभी राहिली.

"दादा, मैत्री डॉक्टर न्हाई व्हणार," हे म्हणाले. "तिला दुसरं शिकायचं हाय. मी हाव म्हणलो."

आम्हाला तो होकार अजून मिळालाच नव्हता. मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले.  फोनमध्ये पलीकडे शेळी ओरडली, मोटरसायकल गेली.

"दादा, ऐकू येऊन राहिलं का?"

"येऊन राहिलं."  मग दादांनी विचारलं, "पोरगी बरी हाय ना?"

यांनी फोन तोंडाजवळ घेतला, तोवर दादांनी पुढचं विचारलं.

"जेवती ना? हसती-बोलती ना?"

"हाव," हे म्हणाले. "बरी हाय."

"मग बास की," दादा म्हणाले, आणि फोन ठेवला. हे फोनकडे बघत बसले होते. मैत्री त्यांच्या शेजारी जाऊन टेकली. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कुणी काही विचारलेलं नसताना पुन्हा म्हणाले, "बरी हाय."